धडगांवचा बुध्या

शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून धडगांवास पोहोंचेपर्यंत फाल्गुनांतल्या उन्हानें आमचा जीव मेटाकुटीस आला होता. पण भोंगऱ्याचा बाजार दिसतांच श्रम विसरलों. अक्राणी तालुक्याचें हें मुख्य ठाणें. होळीच्या आधींच्या या बाजारास डोंगराडोंगरांतून पावरा व भिल्ल मंडळी उतरतात. आम्ही मात्र आलों होतों तें बुध्या पाहावयास.

नवस बोललेला पुरुष बुध्या होतो. अंगावर राखेचे पट्टे व ठिपके, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरें, मस्तकावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, आणि त्यावर मोरपिसें. त्याआधीं कित्येक दिवस 'पालनी' पाळावयाची : जमिनीवर निजणें, ब्रह्मचर्य, खाटेस शिवावयाचें नाहीं. आपल्या घरीं यास आपण व्रत म्हणतों.

आम्ही मात्र यास एकदां सोंग म्हटलें होतें. पंचवीस वर्षांपूर्वीं होळीची सुटी संपवून एक विद्यार्थी मानेवर ठिपके घेऊन वर्गांत आला. सर्वांदेखत आम्ही त्यास नळावर धाडून ते धुवावयास लाविले, आणि त्याच तासास नृसिंहावताराचें आख्यान मोठ्या रसाळपणें सांगितलें! वर्षभर तो मुलगा आमच्या तासाला शेवटच्या बांकावर बसला.

नृसिंह तरी काय आहे? नराच्या देहावर आयाळ. आयाळ सिंहास असते, सिंहिणीस नसते. पिसाराहि मोराचाच, लांडोर बिचारी तपकिरी. लांडोरी सुंदर पिसाऱ्याच्या मोरास वरितात म्हणून तो पिढ्यानुपिढ्या वाढत गेला, असें डार्विननें १८७१ च्या ग्रंथांत मांडिलें. पशुपक्ष्यांतील नराचें भूषण उचलून मनुष्यदेहावर चढवावें आणि अपूर्व प्राणी निर्माण करावा, ही युक्ति पुराणकारांस सुचली तशी सातपुड्यासहि सुचली.

स्त्रीरूपाची गोष्ट वेगळी. देवीमाहात्म्यांत अंबिकेच्या क्रुद्ध ललाटांतून प्रकटणारी काली अस्थिपंजर आहे, व्याघ्रचर्म नेसलेली आहे. कवि ज्यास स्त्रीसौंदर्य म्हणतात तें सारें तिच्या ठायीं हेतुतः गाळलें आहे. येथल्या होळींतहि 'काली' आहे, पण ती स्त्रीवेष घेतलेला पुरुष. नामसादृश्यावरून दोघींस एक ठरविण्याचा मोह आम्ही आवरला. मोराचें नरभूषण मिरविणारा बुध्या आणि लुगडें नेसलेला गडी एकाच ढोलावर नाचत होते, आणि बघणारांत कोणी हंसत नव्हतें, एवढें मात्र खरें.

भोपळा म्हणजे गर्भाचें प्रतीक, अशी उपपत्ति आम्ही मनांत जुळवून ठेविली होती. शेजारच्या वृद्ध पावरा गृहस्थांस विचारलें, "बाबा, कमरेस भोपळे कशाला?" ते म्हणाले, "वाजतात म्हणून, गुरुजी."

त्या विद्यार्थ्याचें गांव धडगांवाजवळच कोठें तरी होतें. आज तो चाळिशीचा असेल. रात्रभर आम्ही ज्वाळांच्या उजेडांत एकेक चेहरा निरखीत हिंडलों. राखेखालून ओळख पटेना. दोघांतिघांपाशीं तर थबकलोंहि, पण ते नाचांत होते, आणि व्रतस्थास मध्येंच थांबविण्याचें धैर्य या खेपेस आम्हांस झालें नाहीं.