पेनाएवढे भोक

नरकचतुर्दशीच्या पहाटे वडिलांच्या पाठीला तेल लावण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. उजव्या बरगडीखालून निघून पोटाकडे वळलेला वीतभर लांब व्रण बोटांखाली आला की मी हात आखडता घेई. "चोळ रे, आता दुखत नाही," ते म्हणत. त्या वाटेने काढलेला मुतखडा आईने काचेच्या बाटलीत जपून ठेवला होता. पाहुण्यांना तो दाखवताना तिचा चेहरा खुलत असे.

मला मात्र त्या व्रणाने भित्रा केले. चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता माझ्याच कुशीत कळ उठली. मुलांना शुद्धलेखन घातले आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहिलो. पुढची दोन वर्षे कुळथाच्या कढणावर काढली. बारीक खडा लघवीवाटे वाहून जातो हे खरे. पण माझा बारीक नव्हता. सोनोग्राफीत तो अडीच सेंटिमीटरचा निघाला आणि तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंड सुजलेले.

"मग कापणार?" मी विचारले.

डॉक्टरांनी माझ्याच खिशातले पेन काढून पुढे धरले. "एवढे भोक. पाठीतून." क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई मूत्रपिंडात न्यायची, तीच वाट रुंदावून दुर्बीण घालायची, खडा आतच फोडायचा नि तुकडे उचलून घ्यायचे. स्वीडनच्या फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी या रीतीची हकीकत १९७६ सालीच छापली होती. माझ्या जन्माच्या आधी! वडिलांच्या वेळी ती आमच्या तालुक्यापर्यंत पोचली नव्हती, एवढेच. सुश्रुताने मूत्राशयातला खडा कापून काढण्यापूर्वी राजाची परवानगी घ्यायला सांगितले आहे. मला बायकोची पुरली. तिने ती दोन वर्षांपूर्वीच दिली होती.

चौथ्या दिवशी घरी आलो. बाटलीतला भरड चुरा पाहून आई म्हणाली, "एवढंच?"

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कागद बराच वेळ पाहिला. उजव्या मूत्रपिंडाचे काम कमी झाले होते. "आधी आला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मास्तर असूनही मी ते पुरे करायला सांगितले नाही.

यंदा धाकट्याने तेल लावले. बराच वेळ त्याचे बोट पाठीवर काहीतरी शोधत फिरले आणि मग एका जागी थांबले.

"दुखतं का, बाबा?"

"नाही रे. चोळ."

वडीलही असेच म्हणत. ते खरे होते का, हे त्यांना विचारायचे राहूनच गेले.