सांध्याची आतली बाजू

गाडी गॅरेजच्या दारात लागली, की मी आधी बॉनेट उघडून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा फ्लँज पाहतो. तिथे काजळीचा पट्टा दिसला, म्हणजे गॅस गळतोय. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल पिऊ लागतं.

माढ्यात माझ्याकडे येतात ते बहुतेक कंपनीचे बिडाचे मॅनिफोल्ड, जाड आणि खडबडीत. कधी कोणी हौशी मुलगा पुण्याहून हेडर आणतो. सिलिंडरगणिक वेगळा पाइप, सगळे पुढे एका कलेक्टरमध्ये उतरलेले. गॅसला वाट मोकळी मिळते, इंजिन वरच्या फेऱ्यांत खुलतं. हे खरं आहे. पण टिकेल का?

जोर आला, की पेट्रोल इंजिनाचा गॅस ८०० अंशांच्या पुढे जातो. हेडरचं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगतं. अर्ध्या मीटरचा पाइप ६०० अंशांनी तापला, की सुमारे ५ मिलिमीटर लांबतो. इंजिनाचं हेड तेवढं हलत नाही. सगळा ताण सांध्यावर येतो. टेंभुर्णीहून हायवेने तापून आलेली गाडी माढ्याच्या बाजारात निवते, पुन्हा तापते. तडा जातो तो या रोजच्या तापण्या-निवण्याने. म्हणून जाणता कारागीर कलेक्टरपाशी पाइप एकात एक सरकता ठेवतो आणि फ्लँज जाड घेतो.

स्टेनलेसचा ग्रेड ओळखायला लोहचुंबकावर विसंबू नये. स्वस्त २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही, आणि कंपन्या सायलेन्सरला वापरतात त्या ४०९ ला चिकटतो. खरी परीक्षा वेल्डिंगची. टिगने जोडताना पाइपाच्या आतही आर्गन सोडावा लागतो. तो वाचवला, की बाहेरची नक्षी सुरेख राहते, आतून मात्र सांधा काळा, खरबरीत होतो, आणि पुढे तिथूनच फुटतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डलाच लागून असतो. हेडरसाठी तो काढायचा असेल, तर मी कामाला हात लावत नाही. गावाच्या हवेपेक्षा गाडीचा वेग मोठा नाही.

तेव्हा हेडर घेताना चकाकीला भुलू नका. ग्रेड बिलावर लिहून घ्या. फ्लँज सपाट काचेवर ठेवून डुलतो का पाहा. पाइपात टॉर्च मारून सांध्याची आतली बाजू बघा. विकणारा ती दाखवायला कचरत असेल, तर कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्डच राहू द्या. तो तुम्हाला जास्त वर्षं साथ देईल.