काळ्या मातीचा चिखल, एकास पस्तीस

आईची चहाची गाळणी मी गुपचूप उचलली, तेव्हा मला वाटलं होतं की या छंदातला माझा सगळ्यात मोठा गुन्हा हाच ठरणार. शेतातली मूठभर काळी माती उन्हात वाळवायची, दगडावर भरडायची, गाळणीतून गाळायची आणि फेविकॉल-पाण्यात कालवायची. वाळली की हुबेहूब चिखल. असा चिखल बाटलीत भरून ऑनलाइन विकतही मिळतो. पण लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या नातवाने चिखल विकत घ्यायचा, हे काही मनाला पटेना.

चिखल हवा होता एका गाडीसाठी. गाडीची लांबी साडेसतरा सेंटिमीटर. तिचं नाव एम-थ्री हाफ-ट्रॅक.

हाफ-ट्रॅक म्हणजे काय, हे मला घरात, ऑफिसात आणि एकदा मुलगी बघायला गेलो होतो तिथेही समजावून सांगावं लागलंय. सोपं आहे. पुढून ट्रक, मागून रणगाडा. पुढे दोन टायर आणि स्टिअरिंग, मागे चाकांऐवजी साखळीसारखा फिरणारा पट्टा. दुसऱ्या महायुद्धात अशा हजारो गाड्या होत्या. जर्मनांची २५१, अमेरिकनांची एम-थ्री आणि तिची भावंडं. सैनिकांना रणगाड्यांच्या मागोमाग चिखलातून, शेतातून नेणं हे त्यांचं काम.

माझी आणि तिची ओळख नांदेडला झाली. बारावीपर्यंत मी लातूरला, म्हणजे 'लातूर पॅटर्न'च्या गिरणीत. तिथून सुटलो आणि नांदेडला इंजिनिअरिंगला आलो. विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर एका सिनिअरच्या लॅपटॉपवर 'कंपनी ऑफ हीरोज' नावाचा जुना गेम होता. बाकीची पोरं रणगाड्यांवर फिदा. मला मात्र ही अर्धवट गाडी आवडायची. ती ना धड ट्रक, ना धड रणगाडा. बहुतेक इंजिनिअरला अशाच गोष्टी आवडतात, जिथे कुणीतरी दोन अडचणींच्या मध्ये जुगाड केलेला असतो.

जुगाड मोठा भारी आहे. अडॉल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच इंजिनिअर रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा. मोटारी बर्फात रुतायच्या, म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी लवचिक पट्टा बसवला. रशियात क्रांती झाल्यावर तो फ्रान्सला परतला आणि सिट्रोएन कंपनीसाठी काम करू लागला. त्याच्या पट्ट्यांच्या गाड्यांनी १९२२-२३च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट पार केलं. १९३१ साली तसल्याच गाड्या बैरुतहून निघून श्रीनगरमार्गे गिलगिटपर्यंत पोचल्या होत्या. अमेरिकन हाफ-ट्रॅकचा पट्टा याच घराण्यातला. आत पोलादी तारा, बाहेर रबर.

पट्ट्याची गरज काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून बाईक घालून बघा. माती चाकाला चिकटते, चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मग तुम्ही काडीने माती उकरत बसता. टायरचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताएवढा, त्यावर सगळं वजन. तेच वजन लांब पट्ट्यावर पसरलं की गाडी रुतत नाही. आणि पुढे साधं स्टिअरिंग असल्यामुळे ट्रक चालवणारा कुणीही ड्रायव्हर ती चालवू शकतो. एवढाच हिशोब.

पुण्यात नोकरी लागली आणि तिसऱ्या पगारात मी पहिलं किट घेतलं. तामिया कंपनीचं, एकास पस्तीस मापाचं. म्हणजे खऱ्या गाडीचे पस्तीस सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर होतात आणि माणूस पाच सेंटिमीटरचा. जगभर रूढ झालेलं हे विचित्र माप आलं कुठून? साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटर लावलेला खेळण्यातला पँथर रणगाडा काढला. त्यात बॅटऱ्या बसतील एवढा आकार ठरवला आणि तो निघाला पस्तिसावा हिस्सा. म्हणजे अख्ख्या छंदाचं माप बॅटरीच्या सेलने ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये असे निर्णय मी रोज बघतो. कुणीतरी घाईत टाकलेला आकडा, पुढे सगळ्यांचा नियम.

शनिवार-रविवार मी सुटे भाग कापतो, घासतो, चिकटवतो. फोन दुसऱ्या खोलीत. आठवडाभर ज्या कोडवर काम करतो ते हातात धरता येत नाही. इथे बोटाला रंग लागतो आणि चूक झाली की 'अनडू' नसतं. किटमधला पट्टाही रबरासारखा मऊ असतो. त्याची टोकं जोडायला स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवून दाबावा लागतो. त्या वासाने आई दोनदा घरभर गळती शोधत फिरली आहे.

मॉडेल करताना एक गोष्ट लक्षात आली. खऱ्या एम-थ्रीचं चिलखत जेमतेम सहा मिलिमीटर जाडीचं होतं. वर छत नाही. अमेरिकन सैनिक तिला 'पर्पल हार्ट बॉक्स' म्हणायचे. पर्पल हार्ट म्हणजे जखमी झाल्यावर मिळणारं पदक. आता मॉडेलचं प्लास्टिक असतं साधारण एक मिलिमीटर. पस्तीसने गुणा. माझ्या टेबलावरच्या गाडीचं चिलखत पस्तीस मिलिमीटरचं झालं, म्हणजे खऱ्याच्या पाचपट. आपण युद्ध लहान करून टेबलावर ठेवतो, तेव्हा ते खऱ्यापेक्षा सुरक्षितही होऊन जातं. तेव्हा मला ही नुसती गंमत वाटली होती.

२०२३च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव होता. १७ तारीख रविवारची, म्हणून मी शुक्रवारीच गावी गेलो. बरोबर खोक्यात ती गाडी. तिच्याखालची जमीन घरी बसून करायची होती. गाळणीचं प्रकरण तेव्हाचं.

तात्या, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर बसून बघत होते. वय ब्याऐंशी.

"काय करायलास रे?"

"चिखल, तात्या."

"इंजिनेर होऊन?"

मग त्यांनी गाडी हातात घेतली. उलटी करून पट्ट्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "असल्या साखळीच्या गाड्या गेल्याल्या की आपल्याकडून. मी बघितलाव."

आमचं गाव उमरग्यापासून लांब नाही. १३ सप्टेंबर १९४८ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालचं भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं. या कारवाईचं नाव ऑपरेशन पोलो. आपल्याकडची जुनी माणसं तिला पोलीस ॲक्शन म्हणतात. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. सकाळी नऊला चिलखती तुकडी नळदुर्गजवळच्या जळकोटला होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. तुळजापुरात दोन तास चकमक झाली. पुढे लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला नदीच्या पुराने अडवलं. म्हणजे तिथेही अडचण पाण्याचीच आणि चिखलाचीच. पाचव्या दिवशी निजाम शरण आला.

माझी गाडी खरं तर फ्रान्समधल्या लढाईची होती. तिच्यावरचा पांढरा तारा मी नीट बसवला होता. पण त्या क्षणी मी ठरवून टाकलं. जमीन आपली करायची. उमरग्याचा रस्ता, कडेला चार घरं, तिरंगा घेऊन उभी असलेली पोरं. त्यातलं एक सात वर्षांचं पोरगं म्हणजे तात्या. रविवारी झेंडावंदन झालं की त्यांना दाखवायचं.

शनिवारी रात्री जागून केलंही. थर्माकोलची घरं, त्यावर मातीचा लेप, आगपेटीच्या काड्यांची दारं. पोरांच्या हातात सुईएवढ्या काडीवर कागदी झेंडे.

रविवारी तात्या शाळेतून परत आले. टोपी काढून बसले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले.

"पिंजाऱ्याचं घर कुठंय ह्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, कुठलं पिंजाऱ्याचं?

दर १७ सप्टेंबरला मी तात्यांची एकच गोष्ट ऐकली होती. रझाकारांच्या भीतीने पोरींना मामाच्या गावी पाठवलेलं, धान्य पुरून ठेवलेलं, रात्री आलटून पालटून पहारा. मग एके दिवशी साखळीच्या गाड्या आल्या आणि सगळं संपलं. ही गोष्ट खरी आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करायचा. त्याच्या टोळ्यांनी काय केलं, हे आमच्याकडे प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगतं.

त्या दिवशी तात्यांनी तीच गोष्ट पुढे नेली. गाड्या गेल्यावर काय झालं ते.

वेशीजवळ एक पिंजाऱ्याचं घर होतं. कापूस पिंजायच्या तारेचा आवाज तात्यांना अजून ऐकू येतो. पिंजारी गाद्या भरायला पंचक्रोशीत फिरायचा. रझाकारांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. गाड्या गेल्या, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो बाजाराला म्हणून गेला आणि परत आला नाही. संध्याकाळी बाहेरगावची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आली. बरोबर आपल्या गावातलीही काही होती. तात्यांच्या वडिलांनी पिंजाऱ्याच्या बायकोला आणि दोन पोरींना आमच्या घरातल्या बळदात लपवलं. ज्वारीच्या शेजारी, दोन रात्री. धाकटी पोर तात्यांच्या वयाची होती. तिसऱ्या रात्री वडील त्यांना बैलगाडीने कुठेतरी सोडून आले. कुठे, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

"झेंडा लावला ते बी खरं, अन् हे बी खरं," तात्या म्हणाले. "मी झेंड्याचंच सांगत आलो."

मग त्यांनी माझ्या गाडीकडे बोट केलं. "ही गाडी गेल्यावर काय झालं, ते दाखवाय येतंय का ह्यात?"

पुण्याला परतल्यावर मी वाचायला लागलो. १९४८च्या अखेरीस सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती इकडे पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यात चार जिल्हे सांगितले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणजे मी जिथे बारावी केली, जिथे डिग्री घेतली, ती दोन्ही गावं त्या यादीत येतात. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज. रझाकारांचे अत्याचारही अहवालाने लपवलेले नाहीत. आणि अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवलं, हेही त्यात आहे. ते वाचताना मला आमचं बळद दिसलं. लहानपणी लपाछपीत मीही तिथे लपायचो.

मला राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. तात्यांवर येईना. सात वर्षांच्या पोराने पाहिलेलं ब्याऐंशीव्या वर्षी सांगितलं, तर उशीर झाला असं कसं म्हणणार? आणि मुक्ती खोटी होती असंही मला म्हणायचं नाही. ती नसती तर तात्यांच्या घरातल्यांनी आणखी किती रात्री पहाऱ्यात काढल्या असत्या, कोण जाणे. पण तात्यांच्या एका आयुष्यात दोन्ही गोष्टी मावल्या होत्या आणि मी केलेल्या त्या फळीवर एकच मावली होती.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा फळी पुन्हा काढली. आधी गाडी उचलली. मग झेंडेवाली पोरं. त्यांना फेकलं नाही, डबीत ठेवलं. ओला चिखल नव्याने थापला आणि हाफ-ट्रॅक त्यावरून एकदा चालवून बाजूला घेतली. गाडी सरळ गेली की पुढच्या टायरची खूण मागच्या पट्ट्याखाली जवळजवळ पुसली जाते. वळणावर तेवढी दोन्ही वेगवेगळी दिसतात. रिव्हेट मोजणारे म्हणतील, त्या रस्त्याने रणगाडे गेले, त्यांच्या साखळीची खूण वेगळी. बरोबर आहे. पण माझ्याकडे होता तो पट्टा मी वापरला.

रस्त्याच्या वळणावर, वेशीजवळ, मी पिंजाऱ्याचं घर केलं. अंगणात आईच्या उशीतून काढलेला कापूस, बोंडाएवढा. दार बंद. माणूस एकही नाही.

तात्यांनी चष्मा पुसून पाहिलं. खुणेवरून बोट फिरवलं.

"माती आपल्याच रानातली का?"

"होय, तात्या. ओढ्याकडच्या तुकड्यातली."

ते पुन्हा वाकले. घराकडे पाहत म्हणाले, "दार उघडं ठेव. उघडंच टाकून गेल्त्या त्या."

चिकटवलेलं दार वाळून घट्ट झालं होतं. मी कटरने हळूहळू कड कापली, काडी जरा वाकवली आणि दार उघडून ठेवलं.