मस्कतचे बिऱ्हाड, ओमानच्या वाटा

परदेशात नोकरी लागली की गावाकडच्या लोकांना वाटते, आता यांचे काय, रोजच फिरणे! प्रत्यक्षात आखाती देशांत बिऱ्हाड थाटलेल्या बहुतेक भारतीय कुटुंबांचे जग फार लहान असते. घर, कार्यालय, मुलांची शाळा, आठवड्याची खरेदी आणि वर्षातून एकदा मुंबईचे विमान. दहा-दहा वर्षे एका देशात राहून तो देश न पाहताच परतलेली कुटुंबे कमी नाहीत.

याचे कारण आळस नव्हे. एका ओमानी रियालचे 200 हून अधिक भारतीय रुपये होतात. त्यामुळे खर्च केलेल्या प्रत्येक रियालचा मनातल्या मनात रुपयांत हिशेब होतो. गावी बांधायचे घर, बहिणीचे लग्न, आईवडिलांची औषधे हे सारे त्याच पगारातून व्हायचे असते. सुट्टी मिळते ती नातेवाइकांच्या भेटीगाठींत संपते. मग फिरण्याचे ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून राहून जाते.

परंतु नोकरदाराच्या बाबतीत या ‘पुढच्या वर्षी’चा भरवसा नसतो. त्याचा मुक्काम नोकरीशी बांधलेला असतो. करार संपला की काही दिवसांतच सामान बांधावे लागते. 2020 साली करोनाच्या काळात कितीतरी कुटुंबांनी वर्षानुवर्षांचे बिऱ्हाड असेच घाईघाईने आवरले आणि मिळेल त्या विमानाने मायदेश गाठला. म्हणूनच मस्कतमधील काही शहाण्या कुटुंबांनी एक पद्धत ठेवली आहे. महिन्यातून एक सुट्टी घराबाहेर काढायची, डबा घरचा न्यायचा आणि ओमान थोडा थोडा पाहायचा.

सुरुवात शहरापासूनच

मुंबईहून मस्कत जेमतेम अडीच-तीन तासांवर. ओमानचा भारताशी असलेला संबंध मात्र शेकडो वर्षांचा. 1970 पूर्वी येथे रुपयाच चालत असे. आजही रियालच्या हजाराव्या भागाला ‘बैसा’ म्हणतात, तो आपल्या पैशाचाच भाऊ. मत्राह बंदरामागच्या जुन्या बाजारात, म्हणजे सूकमध्ये, चांदीचे दागिने, खंजीर, खजूर आणि लोबान यांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तेथे हिंदीतून घासाघीस करता येते. जुन्या मस्कतमध्ये सुलतानाच्या राजवाड्यापासून जवळच शंभराहून अधिक वर्षांचे शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तेथे भारतीयांची रीघ लागते.

राजवाड्याच्या दोन्ही बाजूंच्या कातळांवर जलाली आणि मिरानी हे किल्ले दिसतात. त्यांच्याशी पोर्तुगीजांचे नाव जोडलेले आहे. पोर्तुगीजांनी मस्कत घेतले ते 1507 साली, म्हणजे गोव्याच्या तीन वर्षे आधी. ओमानी लोकांनी त्यांना 1650 मध्ये हुसकावून लावले. गोव्यात मात्र ते 1961 पर्यंत टिकले. आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातले हे धागे जोडून दाखवण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

2001 साली खुली झालेली सुलतान काबूस मशीदही पाहण्यासारखी आहे. तिच्या बांधकामासाठी वालुकाश्म भारतातून नेला होता. आतला एकसंध गालिचा 21 टन वजनाचा असून इराणमधील सुमारे 600 स्त्रियांनी तो विणला आहे. इतर धर्मीयांना शुक्रवार सोडून सकाळच्या वेळी आत जाता येते. स्त्रियांनी डोके, हात आणि पाय झाकणारा पोशाख घातला पाहिजे.

शुक्रवारचा निझवा

2013 पासून ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. शुक्रवारी पहाटे थर्मासमध्ये चहा भरून आणि डब्यात थालीपीठ घेऊन निघाले की दीड-दोन तासांत निझवा येते. या जुन्या राजधानीत शुक्रवारी सकाळी गुरांचा बाजार भरतो. विकणारे शेळ्या-बकऱ्यांना दोरीने धरून गोल फिरवतात, घेणारे कडेने उभे राहून आवाज देतात. शहरात वाढणाऱ्या मुलांचा हा बाजार पाहताना पायच निघत नाही.

शेजारीच सतराव्या शतकातील किल्ला आणि त्याचा 30 मीटरहून उंच गोल बुरूज आहे. वर जाणाऱ्या अरुंद जिन्यावर जागोजागी दारे असून त्यांच्या वर भोके ठेवली आहेत. चाल करून येणाऱ्या शत्रूवर त्यांतून उकळता खजुराचा पाक ओतला जाई. खजुराच्या पोती एकावर एक रचून त्यांतून झिरपणारा पाक गोळा करण्याची खोलीही किल्ल्यात दाखवतात.

निझवाच्या आसपास पाहायचा तो ‘फलज’. डोंगराच्या पोटातले पाणी उतारावरून पाटाने गावात आणायचे आणि ठरलेल्या पाळीने बागांना द्यायचे, अशी ही शेकडो वर्षांची पद्धत. यातील पाच फलज 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. खानदेशातील फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाण्याच्या पाळीची ही शिस्त ओळखीची वाटेल.

जवळच्या जबल अख्दर या डोंगरावर, सुमारे 2,000 मीटर उंचीवर, एप्रिलमध्ये गुलाबाचे मळे फुलतात. गावकरी मातीच्या भट्ट्यांवर गुलाबपाणी काढतात. वरचा रस्ता अत्यंत चढणीचा असल्याने चारही चाकांना जोर असलेली गाडी असेल तरच पोलीस पुढे सोडतात. आपली गाडी तशी नसेल तर दोन कुटुंबांनी मिळून भाड्याने घ्यावी, खर्च निम्म्यावर येतो.

समुद्राच्या कडेने सूर

मस्कतहून आग्नेयेला सूरकडे जाणारा रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उघडे डोंगर ठेवून धावतो. वाटेत चुनखडीची जमीन खचून तयार झालेला निळ्या-हिरव्या पाण्याचा मोठा खड्डा आहे. आकाशातून तारा पडून तो झाला, असे गावकरी सांगतात. पुढे वादी शाब लागते. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीची घळ, पण येथे पाण्याचे डोह असतात. छोट्या होडीतून पलीकडे उतरून पाऊण तास चालत गेले की पोहण्याजोगे डोह येतात.

सूर हे गलबते बांधणाऱ्यांचे गाव. इथल्या गलबतांसाठी सागवान भारतातून जात असे. 1980 साली जुन्या अरबी पद्धतीचे, एकही खिळा न वापरता काथ्याने शिवलेले ‘सोहार’ नावाचे जहाज येथेच बांधले गेले आणि ते थेट चीनपर्यंत गेले.

सूरच्या पुढे रास अल जिंझच्या किनाऱ्यावर रात्री हिरवी समुद्रकासवे अंडी घालायला येतात. वाटाड्याबरोबर लहान गटाने जावे लागते. बॅटरी लावायची नाही, बोलायचे नाही. मागच्या पायांनी वाळू उपसत असलेले ते जड जनावर पाहताना लहान मुलेही आपोआप गप्प होतात. कोकणात वेळासला कासवे पाहिलेल्यांनाही हा अनुभव नवा वाटेल, कारण ही जात वेगळी आणि आकाराने बरीच मोठी.

हजार किलोमीटरवरचा पाऊस

भारतीय कुटुंबांना सर्वांत जास्त ओढ असते ती सलालाची. जून ते सप्टेंबरमध्ये मस्कतचा पारा 40 अंशांच्या वर असतो, तेव्हा दक्षिणेकडील धोफारच्या डोंगरांवर भुरभुर पाऊस आणि धुके असते. कोकणात कोसळणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचीच ही कृपा. या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात.

मोटारीने हा प्रवास हजार किलोमीटरहून अधिक, दहा-बारा तासांचा. अर्ध्याहून जास्त वाट सपाट वाळवंटातली. मुले कंटाळून झोपी जातात. मग शेवटच्या टप्प्यात घाट लागतो, काच ओली होते आणि बाहेर सगळे हिरवे दिसू लागते. सलालात रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी आणि पपया विकणाऱ्या टपऱ्या असतात. वादी दरबतमध्ये धबधबे असतात. आखातात जन्मलेल्या मुलांना पावसात भिजण्याचा आनंद कित्येकदा येथेच पहिल्यांदा मिळतो.

लोबानाची झाडेही याच भागातली. साल खरवडली की चीक बाहेर येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. प्राचीन काळी हा माल ज्या बंदरांतून जाई, त्यांचे अवशेष 2000 साली जागतिक वारसा यादीत आले.

सावधगिरी हवीच

या सहली स्वस्त आहेत, पण बेफिकिरीने करण्यासारख्या नाहीत. सलालाजवळ मुगसैल येथे कातळातील भोकांतून समुद्राचे पाणी फवाऱ्यासारखे उडते. जुलै 2022 मध्ये तेथे कठडा ओलांडून पुढे गेलेल्या भारतीयांना लाटेने ओढून नेले. त्यात मुलेही होती. खरीफमधील समुद्र खवळलेला असतो, एका छायाचित्रासाठी त्याच्याशी खेळू नये.

तीच गोष्ट वादीची. डोंगरावर पाऊस पडला की खालची कोरडी घळ थोड्याच वेळात लोंढ्याने भरते. एप्रिल 2024 च्या पुरात ओमानमध्ये शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. ढग दिसताच वादीतून बाहेर पडावे आणि वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. तसे करणे कायद्यानेही गुन्हा आहे.

लांबच्या प्रवासात पाण्याचा भरपूर साठा, जादा चाक आणि पेट्रोलची टाकी भरलेली हवी. निवासी ओळखपत्र जवळ ठेवावे. शेजारच्या देशात गाडी न्यायची असेल तर विमा तेथे लागू आहे की नाही, हे आधी पाहावे. परवानगीशिवाय स्त्रियांची छायाचित्रे काढू नयेत आणि रमझानमध्ये दिवसा चारचौघांत खाणेपिणे टाळावे. एवढे पाळले तर ओमानी माणूस मोठा अगत्यशील. खेड्यात वाट विचारली तरी खजूर आणि वेलदोड्याचा कहवा पुढे येतो.

हिशेबाच्या वहीत न मावणारे

या फिरण्याचा सर्वांत जास्त फायदा होतो तो घरातल्या स्त्रीला. कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या अनेक सुशिक्षित गृहिणींना नोकरी करता येत नाही. बाहेर ऊन, घरात चार भिंती आणि पती संध्याकाळी उशिरा येणार, अशा दिनक्रमात मन उदास होते. महिन्याची सहल आखणे, नकाशा पाहणे, दोन घरांना बरोबर घेणे यातून तिला ओळखी मिळतात. काही जणी तर याच निमित्ताने अवघड समजली जाणारी वाहन परीक्षा देऊन स्वतः गाडी चालवू लागतात.

मुलांचेही तसेच. बारावीनंतर त्यांपैकी बरीच मुले भारतात शिकायला येतात आणि मग त्या देशात राहायला जाण्याचे कारणच उरत नाही. त्यांचे बालपण जेथे गेले तो देश कागदोपत्री कधीच त्यांचा नव्हता. ‘तुझे गाव कोणते?’ या प्रश्नावर ती अडखळतात. आईवडिलांनी तो देश त्यांना फिरवून दाखवला असेल, तर निझव्याचा बाजार आणि सलालाचा पाऊस निदान त्यांच्या आठवणीत राहतो.

कुटुंबाला बरोबर ठेवता येणे हेही भाग्यच आहे. पगार कमी असल्याने एकटेच राहणारे लाखो भारतीय कामगार आखातात आहेत. सलालाला निघताना गाडीत एक जागा रिकामी असेल, तर इमारतीतल्या अशा एखाद्या भाऊंना विचारून पाहावे. गावी पाठवायच्या पैशांना हात न लावता पाऊस पाहायला मिळाला, तर त्यांनाही तो हवाच असतो.