करार आणि कचेरी

आमच्या घरच्या दोघी मुली कचेरींत जातात. त्यामुळें १९९७ सालचा 'विशाखा' निकाल मला केवळ वकिलांचा विषय वाटत नाहीं. स्त्रियांबाबतचा भेदभाव नाहींसा करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारास भारतानें १९९३ सालीं मान्यता दिली. परंतु कामाच्या जागीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानें तो करार राज्यघटनेशीं जोडून वाचला व कायदा होईपर्यंतचे नियम स्वतःच घालून दिले. न्यायाधीशांनीं कायदे करूं नयेत, असें आमच्या वडील बंधूंचें मत. असेल, पण संसदेचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडलें! दहा माणसें कामास असलीं कीं तक्रार-समिती हवी, असें तो सांगतो. धाकटीच्या कचेरींत चाळीस माणसें आहेत, समिती नाहीं. ती तिनें मागावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या माजघरांत अद्याप एकमत नाहीं.