गिअरबॉक्सला पाणी आलं!

सोलापुरात पाणी यायला हवं तिथं येत नाही आणि यायला नको तिथं न बोलावता येतं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. पण नळाच्या पाळीचे दिवस बोटांवर मोजण्यात आमच्या शुक्रवार पेठेची पुढची कित्येक वर्षं गेली. अशा गावात एके दिवशी अण्णांच्या गिअरबॉक्सला पाणी आलं. तेही रोज, आणि पाळी न लावता.

अण्णा म्हणजे आमच्या समोरच्या वाड्यातले. त्यांच्याकडे माती खणायचं एक पिवळं यंत्र आहे. पुढं सुपडं, मागं सोंड. कंपनी कोणती ते विचारू नका. आपल्याकडे असल्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला लोक एकाच नावानं हाक मारतात. यंत्र जुनं घेतलेलं आणि त्यावरचं कर्ज आमच्या शाखेचं. त्यामुळे यंत्राला शिंक आली की माझ्या लेजरला ताप भरतो.

तर हे यंत्र गिअर टाकल्यावर लगेच हलेना. जरा विचार करायचं, मग हलायचं. (आमच्याकडे साहेबलोक सही करण्यापूर्वी करतात तेवढा.) अण्णांनी तेलाची पट्टी उपसून पाहिली, तर तेल स्टेशनवरच्या चहासारखं दुधाळ! एका गॅरेजवाल्यानं लांबूनच पाहून सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवा, सगळा खोला, दीड लाख धरून चला." अण्णांचे दोन हप्ते आधीच थकलेले. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए होतं. हा ९० दिवसांचा हिशेब मार्च २००४ पासूनचा. त्या दिवशी अण्णांचा चौसष्टावा दिवस होता. अण्णांनी तो मोजला नव्हता. मी मोजला होता. पगार त्याचाच मिळतो.

शेवटी आम्ही उस्तादांना बोलावलं. उस्ताद म्हणजे सत्तरीचे मिस्त्री, बोलणं कमी. त्यांनी पांढऱ्या काचेच्या बाटलीत ते तेल भरलं आणि आमच्याच कोनाड्यात ठेवून दिलं.

"उद्या बघू. हवेचा फेस असंल तर सकाळपर्यंत बसतोय. पाणी असंल तर दूध दूधच ऱ्हातंय."

सकाळी दूध दूधच होतं, आणि बाटलीच्या तळाशी पाण्याची बोटभर नसली तरी नखभर रेघ. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी. दुसरी परीक्षा म्हणून उस्तादांनी तवा मागितला. आता तवा म्हटलं की तो आमच्या हिचाच. कडक भाकरीचा, माहेराहून आलेला. तो कशाकरता हवाय हे हिला कळायच्या आत चुलीवर चढला. उस्तादांनी आम्हाला चार हात लांब उभं केलं आणि तापल्या तव्यावर आधी कोऱ्या तेलाचा एक थेंब सोडला. तो गुपचूप पसरला. मग अण्णांच्या तेलाचा थेंब. असा तडतडला, की स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, फोडणी कोण घालतंय?"

पाणी आहे एवढं तवा सांगतो. किती आहे ते सांगत नाही, आणि अगदी थोडं असलं तर गप्पच बसतो. मोजायचंच तर प्रयोगशाळा. कार्ल फिशर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९३५ साली पाणी मोजायची रीत जाहीर केली, ती तिथं अजून चालते. तेलात सोडियमसारखे क्षार वाढलेले दिसले तर पाणी रेडिएटरकडून आल्याचा संशयही घेता येतो. पण नमुना पाठवायचा, अहवाल यायचा, आणि माझे दिवस पुढं सरकत होते.

इथं अस्मादिकांचं बी. कॉम. कामाला आलं. पट्टीवर तेलाची पातळी खुणेच्या वर होती. आता विचार करा, अण्णांनी तेल भरलेलं नाही आणि शिल्लक मात्र वाढलीय! बँकेत असं झालं तर कुणी सुखानं जेवत नाही. खात्यात जमा झालं म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलेलं असणारच. मी ड्रायव्हर पोराला विचारलं, "रेडिएटरमध्ये पाणी घालतोस का रे?"

"रोज सकाळी दोन बाटल्या."

"आणि जातं कुठं?"

पोरगं आभाळाकडे बघायला लागलं. खाली गळती नाही, धुराड्यातून पांढरा धूर नाही.

"काय बे," उस्ताद म्हणाले, "सायेबांनी विचारलं तवा बोलतो! आधी तोंड शिवलं हुतं काय?"

गिअरबॉक्सचं तेल गार करायला पुष्कळ यंत्रांत रेडिएटरच्या खालच्या टाकीत एक कूलर बसवलेला असतो. आतून तेल, बाहेरून पाणी, मधे पातळ पत्रा. उस्तादांनी तो उतरवला, एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि हौदात बुडवला. बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. भोक टाचणीच्या टोकाएवढं. रेडिएटर घटला नसता, तर पाणी बाहेरून शिरलं म्हणायचं: धुताना जोराचा फवारा श्वासनळीच्या टोपणावर मारला, सील गेलं, नाही तर यंत्र ओढ्यात उभं केलं. गिअरबॉक्स उतरवायची पाळी त्याही वेळी आधी येत नाही.

भोक पडलं कशानं? तर कूलंट महाग म्हणून बोअरचं पाणी. ज्या पाण्यानं आमच्या बादल्यांवर पांढरे थर चढतात, त्यानं पत्रा खाल्ला. आणि नुसतं तेल बदललं असतं तर? ते म्हणजे जुना हप्ता फेडायला नवं कर्ज देणं. वही त्या दिवसापुरती छान दिसते.

खरी धास्ती वेगळीच होती. आत क्लचच्या चकत्यांना कागदासारखं अस्तर डिंकानं चिकटवलेलं असतं. पाण्यात ते सुटतं. उस्तादांनी तेलाचा फिल्टर कापून उलगडला. अण्णा तो चष्मा लावून असे पाहत होते, जसा मुलाचा दहावीचा निकाल. काळी पूड होती थोडी, पण अस्तराच्या चिंध्या नव्हत्या. कुणी काही बोललं नाही. अण्णांनी नुसता चष्मा पुसला.

नवा कूलर बसला. तेल भरायचं, यंत्र थोडं चालवायचं, काढून टाकायचं, असं तीनदा झालं. कारण नळ्यांत आणि कन्व्हर्टरमध्ये जुनं दूध दडून बसतं. खर्च दीड लाखाच्या जवळपासही गेला नाही. त्र्याऐंशीव्या दिवशी अण्णांनी मागचा एक हप्ता भरला. पावती हातात देताना मी जरा जास्तच दाबून शिक्का मारला असेल.

तवा मात्र हिनं परत घरात घेतला नाही. तो आता उस्तादांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला असतो, आणि पेठेत कुणाच्या तेलाचा संशय आला की खाली उतरतो. आमच्याकडे त्या आठवड्यात भाकरी विकतची होती.