काट्यावरची सायकल

१. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये हंगामात सोयाबीनचे कट्टे काट्यावर चढतात, तेव्हा प्रत्येक किलो शेतकऱ्याच्या पदरात काही टाकून जातो. विमानतळावरच्या काट्याचा न्याय उलटा आहे. तिथे प्रत्येक वाढीव किलो खिशातून काढून घेतो. गावातला एक तरुण नोकरीसाठी बेंगळुरूला निघाला आणि आपली घडीची सायकल सोबत न्यायचे त्याने ठरवले, तेव्हा या दुसऱ्या काट्याशी त्याची गाठ पडली. त्या काट्याचा आणि त्या सायकलीचा हा इतिहास.

२. आधी त्याचा हिशेब. सायकल साडेबारा किलो, तिची टणक पेटी चार किलो, एकूण साडेसोळा. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान विनाशुल्क नेऊ देतात, शिवाय हातात ७ किलो. कपडे आणि पुस्तके अजून कपाटातच होती. सायकलीची घडी घातली की आकार निम्मा होतो, वजन मात्र तसूभरही घटत नाही.

३. किलोंचा हा काटेकोरपणा विमानसेवेइतकाच जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेचे ते पहिले उड्डाण. विमानात टपाल होते २५ किलो! आज परदेशी जाणाऱ्या प्रवाशाच्या एका बॅगेला बहुधा २३ किलोंची मुभा असते. एका संपूर्ण सेवेचा पहिला भार आजच्या एका बॅगेपेक्षा जेमतेम दोन किलोंनी अधिक होता.

४. प्रारंभ कराचीहून का? लंडनहून निघणारी ‘इंपीरियल एअरवेज’ची सेवा १९२९ पासून कराचीपर्यंत येत होती, तिथून पुढचे टपाल टाटा आणत. या कंपनीच्या लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर केवळ सामानच नव्हे, तर प्रवासीही काट्यावर उभे राहत. विमान लहान, इंजिनाची शक्ती बेताची. सुरक्षित उड्डाणासाठी भार किती आणि तो कुठे ठेवला आहे, हे वैमानिकाला ठाऊक असणे अनिवार्य होते.

५. टाटांच्या सेवेने पहिल्या वर्षभरात १५५ प्रवासी आणि सुमारे १० टन टपाल वाहिले. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पोट भरत होते ते टपालावर. प्रवासी हा जागा उरल्यास घ्यायचा पाहुणा. हवाई वाहतुकीचा व्यवहार माणशी नव्हे, तर किलोमागे मोजण्याची सवय अशी मुरली.

६. आता सायकल. घडीच्या सायकलीला आकार देण्यात सैन्याचा वाटा मोठा आहे. १८९० च्या दशकात फ्रान्सचे कॅप्टन जेरार यांनी सैनिकाला पाठीवर वाहून नेता येईल अशी सायकल पुढे आणली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘बीएसए’ कारखान्याने हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी हजारो घडीच्या सायकली बनवल्या. विमानातून टाकताना त्या उलट्या सोडत, म्हणजे जमिनीचा तडाखा चाकांऐवजी हँडल आणि सीट झेलत.

७. तिचे वजन होते सुमारे साडेचौदा किलो. आजच्या १५ किलोंच्या मर्यादेत ती जेमतेम बसली असती! नियतीचा खेळ असा की आकाशासाठी घडवलेली ही सायकल प्रसिद्ध झाली ती समुद्रमार्गे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या कॅनेडियन सैनिकांच्या छायाचित्रांत ती खांद्यांवर दिसते.

८. शांततेच्या काळात अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात लंडनमध्ये ‘ब्रॉम्प्टन’ घडवली. तिच्या घडीची लांबी, उंची आणि जाडी यांची बेरीज सुमारे १४२ सेंटिमीटर भरते. विमानात सोपवायच्या सामानाची प्रचलित मर्यादा १५८ सेंटिमीटर आहे. म्हणजे आकाराची परीक्षा ती उत्तीर्ण होते. मात्र हातातल्या सामानाच्या ५५ × ३५ × २५ च्या चौकटीत ती मावत नाही. टायटॅनियमची महागडी आवृत्तीही साडेसात किलोंच्या आसपास थांबते, सातच्या किंचित पलीकडे.

९. कायद्याची गंमत याहून मोठी. १९२९ च्या वॉर्सा कराराने हरवलेल्या सामानाची भरपाई किलोमागे ठरवली. सायकल मात्र जितकी हलकी तितकी महाग! म्हणजे मौल्यवान सायकलीला कमी भरपाई आणि जड, स्वस्त सायकलीला अधिक. १९९९ च्या माँट्रिअल कराराने ही मोजपट्टी बदलून भरपाईची मर्यादा प्रवाशामागे ठरवली. भारत त्यात २००९ साली सामील झाला. भरपाई माणशी झाली, पण अनेक मार्गांवर जादा सामानाचे शुल्क अजून किलोमागेच घेतले जाते.

१०. अनसिंगच्या तरुणाने अखेर पेटी बाजूला ठेवली. आजीच्या जुन्या गोधडीत सायकल गुंडाळली, पेडल काढून बांधले, वर जाड पिशवी शिवून घेतली. किराणा दुकानाच्या काट्यावर आकडा आला १४ किलो. कपडे आणि पुस्तके ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आधीच पुढे गेली.

११. नागपूरच्या विमानतळापर्यंतही सायकल घडी होऊनच गेली, कारण समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. बेंगळुरूला पट्ट्यावरून गोधडीचे गाठोडे फिरत आले. आजूबाजूचे प्रवासी कुतूहलाने पाहत असताना त्याने गाठी सोडल्या, पेडल बसवले आणि गोधडी पाठीवरच्या पिशवीत भरली. बाहेर दाराशी एका टॅक्सीवाल्याने भाडे विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि सायकलीवर टांग टाकली.